दह्यातली मंडळी आणि खंडारे डॉक्टर

मेहकरच्या सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले, त्या सकाळी माझ्या ओसरीवर आलेला पहिला पेशंट म्हणजे एक म्हैस होती. तिच्या मालकाने तिला पायरीशी उभं केलं, डोक्यावरचं पागोटं सावरलं आणि मला म्हणाला, "बाई, कालपासून रवंथ करून नाई राह्यली." मी पुण्याहून आदल्याच दिवशी एस.टी.ने येऊन पोहोचलेली. गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप. मी म्हशीकडे पाहत राहिले आणि म्हैस माझ्याकडे.

तेवढ्यात शेजारच्या बुटक्या भिंतीवरून टांग टाकून एक गृहस्थ आमच्या आवारात उतरले. उंच, काळेसावळे, पंचेचाळिशीचे. खाकी अर्धी पँट, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, अंगाला फिनाईलचा वास. त्यांनी आधी म्हशीच्या पोटाला कान लावला, मग मला नमस्कार केला.

"मी खंडारे. ढोरांचा डाक्टर. तुमचा दवाखाना अन् माहा दवाखाना, दोघांची भिंत एकच. नवा मानूस चुकतेच. तुमचे पेशंट माह्याकडे आले तर मी पाठवून देत जाईन. त्यायले बोलता येते, एवढाच काय तो फरक."

म्हशीला घेऊन ते भिंतीला वळसा घालून गेले. जाताना तिच्याशी बोलत होते. मालकाशी नाही, म्हशीशी.

संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नागपूरकडे बघणारा हा सगळा मुलूख आता मुंबईकडे बघायला शिकत होता, आणि माझ्यासारख्या पुण्याकडच्या नव्या डॉक्टरांना सरकार तिकडे धाडत होतं. "वऱ्हाडात एकटी कशी राहशील?" म्हणून आईने डोळ्यांत पाणी आणलं होतं. तिथे भिंतीपलीकडे मला असा शेजार मिळणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

खंडारे डॉक्टर मुंबईला शिकून आले होते. इंग्रजी पुस्तकं मागवून वाचत, समासात पेन्सिलीने भांडत. पण बोलायचे ते फक्त वऱ्हाडी. समोर शेतकरी असो, तहसीलदार असो की जिल्ह्याचा साहेब. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, ढोराले पुनेरी कळत नाई. मंग दोन-दोन भाषा कायले सांभाळू?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक स्टीलचा चमचा असायचा. तो कशासाठी, हे मला आठवडाभराने कळलं. ते जनावर बघायला कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात जात, काम करत, हात धूत, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून म्हणत, "वैनी, दही हाये का घरात? चमचाभर द्या." चहा नको, सुपारी नको. चमचाभर दही जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "इरजन कोनाचं?"

विरजण कुणाकडून आणलं, हा प्रश्न ते इतक्या गंभीरपणे विचारत की बायका आधी हसत आणि मग खरोखर आठवायला लागत. उन्हाळ्यात आमचं नासलं तेव्हा समोरच्या काकूंकडून आणलं. काकूंनी आणलं होतं माळीपुऱ्यातून. माळीपुऱ्यातलीने माहेरहून, सुलतानपूरहून, गडव्यात घालून, मांडीवर धरून आणलं होतं. अशा धाग्यांनी त्यांनी निम्म्या मेहकरच्या दह्याची वंशावळ तयार केली होती. एका जुन्या वहीत ती झाडासारखी काढलेली होती. त्या झाडाच्या एका फांदीवर देशपांड्यांचं घर, त्याच फांदीला पुढे फुटलेल्या डहाळीवर रहमत पिंजाऱ्याचं घर, त्याच्याही पुढे बौद्धवाड्यातल्या दोन चुली. ज्या घरांनी एकमेकांच्या हातचं पाणी प्यायलं नव्हतं, त्यांची विरजणं एकाच आजीची नातवंडं होती. वही दाखवून ते खुशीत म्हणाले, "पाहा, कोनीच विचारलं नाई इरजनाले, तुही जात कोनती म्हनून!"

माझ्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, पण त्याच्या भिंगाला बुरशी लागली होती. मलेरियाचा संशय आला, जुलाबाचा नमुना तपासायचा झाला की मला भिंतीपलीकडेच जावं लागे. त्यांच्याकडे लढाईच्या आधीचा एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. तो ते खिडकीत, उजेडाच्या बाजूला, स्वच्छ धुतलेल्या पंचाखाली झाकून ठेवत. त्या पंचाला हात लावायची परवानगी शिपायालाही नव्हती.

पहिल्यांदा गेले त्या दिवशी माझं काम झाल्यावर ते म्हणाले, "आता माही मंडळी पाहा." त्यांनी काचेवर घरच्या दह्याचा ठिपका पसरला, वाळवला, निळा रंग चढवला, धुतला, वर तेलाचा थेंब टाकला आणि मला खुर्ची दिली. जिवाणू मी कॉलेजात पाहिलेच होते, पण ते सगळे रोगाचे. क्षयाचे, पटकीचे, घटसर्पाचे. ओळखायचे आणि मारायचे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. इथे निळ्या बारीक काड्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मण्यांच्या छोट्या-छोट्या माळा. कुणाचं काही वाईट न करणारे, दुधाला आंबट करून आपल्या संसारात दंग असलेले.

"किती हायेत?" मी वर मान केल्यावर त्यांनी विचारलं.

"खूप आहेत."

"चमच्यात मेहकर तालुक्याहून जास्त. अन् एकही रिकामा बसेल नाई!"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो मी नंतर फक्त नव्या आज्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

बाजाराच्या दिवशी मग त्यांच्या खिडकीशी रांग लागायची. रांग जनावरांची नव्हे, बायकांची. प्रत्येकीच्या हातात पदराखाली वाटी. प्रत्येकीला स्वतःच्या घरचं दही भिंगाखाली बघायचं असे. खंडारे डॉक्टर एकेकीला बसवत, एक डोळा मिटायला शिकवत. "हे काय वळवळते?" "वळवळत नाई माय, रंग दिला तवा मेले बिचारे. तुमच्या दह्याच्या गंजात जिवंत हायेत." एकदा दोन जावा आल्या. शेजारी-शेजारी राहायच्या, पण आठ वर्षं बोलणं बंद. एक रांगेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. खंडाऱ्यांनी दोघींचं दही पाहिलं, वही उघडली आणि मोठ्याने वाचलं. दोघींचं विरजण एकाच ठिकाणचं, वारलेल्या सासूच्या हातचं.

"म्हंजे म्हातारी अजून तुमच्या दोघींच्याही घरात हाये," ते म्हणाले. "तिले बरं वाटंल असं करा."

त्या लगेच गळ्यात पडल्या असं काही झालं नाही. धाकटी तोंड फिरवून निघून गेली. पण पुढच्या उन्हाळ्यात थोरलीचं दही बिघडलं तेव्हा ती विरजण मागायला धाकटीकडे गेली, हे मला बाळंतपणाला आलेल्या त्यांच्या नणंदेने सांगितलं. खंडाऱ्यांना ही बातमी दिली तेव्हा त्यांनी वही काढली आणि झाडावर एक नवी रेघ ओढली.

आता वाटेल की गृहस्थ दह्याचे वेडे होते. तसे ते होतेच. पण त्यांचं वेड चवीशी थांबत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "डाक्टरीनबाई, या न जरा. काही दाखवा लागते." गेले तर शवविच्छेदन चालू होतं. आठ-दहा दिवसांचं वासरू हगवणीने गेलं होतं. मोठ्या एनॅमलच्या परातीत त्यांनी त्याचं आतडं उकलून, धुऊन मांडलं होतं. लहान आतड्याच्या शेवटच्या हिश्शात बोटाने दाखवत ते म्हणाले, "हे जाडे चट्टे पाहा. मानसातबी असतात न?"

असतात. आम्हाला शरीररचनेत एका ओळीत शिकवलं होतं. टायफॉइडमध्ये तिथे व्रण पडतात एवढंच परीक्षेला यायचं. मी तेच सांगितलं.

"ते बिघडल्यावरचं झालं," ते म्हणाले. "चांगलं असताना हे काय करतात? पाहा, इथं जे पेशींचे गठ्ठे हायेत, तसेच गळ्यातल्या गाठीत असतात, तसेच पानथरीत, तुमच्या स्प्लीनमधी, असतात. म्हंजे ही पोलीस चौकी हाये, बाई. रोगाशी लढनारे शिपाई. आता सांगा, सरकार चौकी कुठं बांधते? जिथून मानसं येतात-जातात तिथं. नाक्यावर. मंग आतड्यात एवढ्या चौक्या काऊन? कारन साऱ्या जगाचं येनंजानं तिथूनच हाये."

मी मान डोलावली. ते परातीपाशी उकिडवे बसले होते. नजर त्या चट्ट्यांवरून हलत नव्हती.

"पन मले कोडं पडते ते वेगळंच. त्या शिपायाले शिकवते कोन? जन्मल्या वासराले चोर कोन, साव कोन, कसं कळावं? मले वाटते, आपली मंडळी शिकवत असंल. रोज जाता-येता चौकीवर रामराम करत असंल. त्यानं शिपाई जागा राह्यते, अन् उगाच लाठी उगारनंही बंद होते. ज्या वासरांच्या पोटात मंडळी लवकर जाते, ते कमी हागतात, हे मी पाहून राह्यलो पंधरा वर्षं. पन काऊन, ते सांगता येत नाई."

"हे कुठे लिहिलेलं आहे का?" मी विचारलं. मी तेव्हा अशीच होते. लिहिलेलं नसेल तर ते नाहीच, अशी माझी समजूत.

"नाई न! म्हनून तर तुमाले विचारून राह्यलो. तुम्ही मोठ्या कॉलेजातल्या."

 खरं सांगायचं तर मला तो प्रश्नच तेव्हा थोडा गावठी वाटला. आतड्याचा आणि रोगाशी लढण्याच्या ताकदीचा काय संबंध? पोट म्हणजे पचन, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी चहा घेऊन परत आले.

त्यानंतरच्या थंडीत रहमत पिंजाऱ्याची जुबेदा माझ्याकडे आली. तीन वर्षांची पोर. रहमत गाद्या-रजया भरायचा. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज बाजारात दुरून ऐकू यायचा. पोरीची छाती भरली होती, ताप मोठा. मी तिला नवं, जोरदार प्रतिजैविक दिलं. ताप उतरला, छाती मोकळी झाली. रहमतने दोन्ही हात वर करून दुवा दिली. आणि चौथ्या दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले.

मी औषध बदललं. जुलाब वाढले. सलाइन लावलं तेवढ्यापुरती टवटवी यायची, मग पुन्हा तेच. दहा दिवसांत पोरीच्या गालांची हाडं दिसायला लागली. आईच्या, सकिनाबीच्या खांद्यावर ती ओल्या फडक्यासारखी पडून असायची. मी तिसरं औषध द्यायचं ठरवलं, आणखी जोरदार.

खंडारे डॉक्टर भिंतीपाशी उभे होते. बऱ्याच वेळापासून असावेत.

"बाई, बोलू का एक?"

"बोला."

"वासरांले मी अशीच जबर औषधं देत होतो पैले. रोग जाये, अन् मंग हगवन लागे. तुमच्या औषधानं चोरही मेले, सावही मेले. गाव रिकामं झालं पोरीच्या पोटात. रिकाम्या गावात कोनबी घुसते. आता आनखी गोळ्या कोनावर झाडता?"

मला राग आला. आज लिहिताना लाज वाटते, पण आला. "डॉक्टर, हे वासरू नाही," मी म्हणाले.

ते वळून दोन पावलं गेले, परत आले. "नाई, वासरू नाई," ते शांतपणे म्हणाले. "वासरू असतं तर मी तुमाले विचारलंही नसतं. मले भेव वाटून राह्यलं म्हनून बोललो."

भीती मलाही वाटत होती. ती मी अकरा दिवस कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी स्वतःची सांगितली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिसऱ्या औषधाची बाटली परत कपाटात ठेवली.

पाणी आणि क्षार चालू ठेवायचे, त्याबाबत ते माझ्याइतकेच कडक होते. "मंडळी येईपर्यंत गाव सुकू द्याचं नाई." त्याबरोबर भाताची पातळ पेज, आणि ताज्या दह्याचं निवळ ताक, लोणी काढून, चिमूटभर मीठ घालून, चमच्या-चमच्याने, तासातासाला. दही कुणाचं, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी वही उघडली नाही. सकिनाबीलाच विचारलं, "तुमच्या घरचं लागते का चांगलं?"

"लगता तो है डाक्टरसाब," ती म्हणाली, "पर इत्ती बीमार बच्ची को दही? हमारी सास तो सर्दी में छूने नहीं देती."

"सासूले माह्याकडे पाठवा. मी भिंगातून दाखवतो."

सासू आली. काठी टेकत, पुटपुटत आली आणि स्वतःच्या घरचं दही तिने भिंगाखाली बघितलं. मग नातीला पहिला चमचा तिनेच पाजला.

दुसऱ्या दिवशी फरक नव्हता. तिसऱ्या दिवशीही फारसा नव्हता. मी दर दोन तासांनी जात होते, आणि दर वेळी भिंतीवर खंडाऱ्यांचं डोकं दिसायचं. ते विचारायचे नाहीत, मी नुसती मान हलवायची. चौथ्या दिवशी सकाळी जुबेदाने चमचा हातात धरला. संध्याकाळी तिने तो आजीच्या अंगावर फेकला आणि भाकरी मागितली. मी भिंतीकडे धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी पातळ सावरत ती भिंत ओलांडली.

"भाकरी मागते आहे!"

खंडारे डॉक्टर एका बैलाच्या खुराला पट्टी बांधत होते. त्यांनी पट्टी पुरी केली, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि मग तिथेच शेणाच्या बाजूला मटकन बसून खो-खो हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी म्हणाले, "तुमच्या मंडळींनी केलं."

ते लगेच गंभीर झाले. "असं म्हनू नका. दह्यानं झालं, का औषध बंद केलं म्हनून झालं, का लेकराचं नशीब चांगलं होतं म्हनून झालं, कसं सांगता? एका लेकरावरून गावाले सांगू नये. मंडळीनं हातभार लावला असंल, एवढंच म्हना."

गावाने मात्र त्यांचं ऐकलं नाही. पंधरा दिवसांत सगळीकडे झालं की ढोरांच्या डॉक्टरकडे एक दही आहे आणि ते मेलेलं माणूस उठवतं. लोक मैल-मैल चालून यायला लागले. गुडघेदुखीला दही, मूल होत नाही त्याला दही, कोर्टाचा निकाल लागत नाही त्याला दही. एक जण वीस दिवस तापाने फणफणलेल्या भावाला बैलगाडीत घालून आला आणि माझा दवाखाना ओलांडून पलीकडे गेला. त्या दिवशी मी खंडारे डॉक्टरांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. ते बैलगाडीसमोर आडवे झाले.

"काऊन बे, डोयानं दिसत नाई का तुले? हा टायफाड हाये! बाईकडे ने, आधी बाईकडे ने! दही बरं झाल्यावर खाऊ घाल. माही मंडळी पाव्हनी हाये, जादूगार नाई."

भाऊ वाचला, माझ्या औषधांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यावर खडूने फळा लिहून लावला: 'येथे दही मिळत नाही. दही आपापल्या घरी आहे.'

हाच फळा पुढे त्यांच्या अंगाशी आला. कुणीतरी त्याचा दाखला देऊन वर कळवलं की जनावरांच्या दवाखान्यात माणसांवर उपचार चालतात आणि सरकारी उपकरण बायकांच्या करमणुकीला वापरलं जातं. जिल्ह्याहून साहेब चौकशीला आले. जाडजूड, घामाघूम, कपाळाला आठ्या. मला साक्षीला बोलावलं होतं. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी तो दोनदा वाचला. "हा काय प्रकार आहे, खंडारे?"

"लिहिलं तेच हाये साहेब. मिळत नाई."

"मग लोक का येतात?"

"मिळत नाई हे वाचता येत नाई म्हनून येतात."

मी जुबेदाची हकीकत सांगितली. उपचार माझे होते, जबाबदारी माझी होती, हे लेखी द्यायला तयार आहे असंही सांगितलं. साहेबांचं समाधान झालेलं दिसेना. बदलीचा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. तिसऱ्यांदा उच्चारण्याआधी जेवणाची वेळ झाली आणि त्यांनी डबा उघडला. डब्यात दही होतं.

खंडारे डॉक्टरांनी खिशातून चमचा काढला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब खुर्चीत बसले होते, एक डोळा मिटलेला, दुसरा भिंगाला लावलेला, आणि खंडारे त्यांच्या खांद्यावरून सांगत होते, "ह्या काड्या. ह्या माळा. तुमच्या घरचं चांगलं हाये, साहेब, गर्दी पाहा कशी हाये! इरजन कोनाचं?"

"बायकोच्या माहेरचं," साहेब म्हणाले. आवाज एकदम वेगळा झाला होता. "संग्रामपूरचं."

"अरे! माहंही गाव तिकडंच!"

पुढचा तासभर चौकशी झाली नाही. साहेबांना गेल्या दोन वर्षांपासून पोटाची तक्रार होती, ती त्यांनी माझ्याकडे सांगितली, खंडाऱ्यांकडे नाही. एवढी शिस्त त्यांनी पाळली. जाताना हुकूम लिहून गेले की सूक्ष्मदर्शकाचा वापर शासकीय कामकाजाच्या वेळेत शासकीय कामासाठीच करावा. मग बाजाराच्या दिवशीची रांग कामकाजाची वेळ संपल्यावर, उजेड जायच्या आत लागायला लागली.

चार वर्षांनी माझी बदली झाली. मग लग्न, मुलं, पुढचं शिक्षण, मोठ्या शहरातल्या नोकऱ्या. मी शिकवायला लागले. मुलांच्या वॉर्डात प्रतिजैविकं देताना हात जरा आखडता राहिला, एवढी मेहकरची खूण माझ्यात उरली. पत्रं सुरुवातीला येत-जात, पुढे दिवाळीपुरती राहिली. खंडारे डॉक्टर निवृत्त होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरजवळच्या आपल्या गावी गेले.

वीस-बावीस वर्षं गेली असतील. एका दुपारी कॉलेजच्या वाचनालयात आतड्यांवरचं एक नवं पुस्तक चाळत होते. त्यात एक संपूर्ण प्रकरण त्या चट्ट्यांवर होतं. त्यांच्यावर काही खास पेशी असतात, दारासारख्या. आतड्यातून जाणाऱ्या जिवाणूंमधले काही त्या आत ओढून घेतात आणि आतल्या पेशींना दाखवतात. त्यातून त्या पेशी शिकतात आणि आतड्याच्या अस्तरावर पसरणारं, रोगजंतूंना चिकटू न देणारं द्रव्य तयार करायला लागतात. दुधाला आंबवणारे जिवाणू तिथून गेले तरी हे काम होतं, आणि त्यांच्यामुळे लढणाऱ्या पेशी जाग्या होतात पण भडकत नाहीत, असं दिसू लागलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. अजून बरंच सिद्ध व्हायचं आहे, असंही होतं. मी ते पान वाचलं आणि मला परातीपाशी उकिडवे बसलेले ते गृहस्थ दिसले. पत्र लिहायला बसले, लिहवेना. रविवार धरून रजा टाकली आणि गाडीत बसले.

ते अंगणातल्या बाजेवर बसले होते. केस पांढरे शुभ्र, दात अर्धे गेलेले, पाय मात्र तसेच, काठीशिवायचे. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "डाक्टरीनबाई! या, या. म्हैस पाठवू का?"

मी पुस्तकातल्या त्या प्रकरणाची नक्कल करून नेली होती. त्यांना दिसत कमी होतं, म्हणून मीच वाचलं, मराठीत सांगत-सांगत. ते मांडीवर हात ठेवून ऐकत होते. दाराच्या पेशींपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "परत वाचा." मी परत वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. भडकत नाहीत या वाक्यापाशी त्यांनी डोळे पुसले, धोतराच्या सोग्याने, अगदी उघडपणे.

"म्हंजे होतं," ते म्हणाले.

"तुम्ही वीस वर्षं आधी सांगितलं होतं. मी तुम्हाला म्हणाले होते, कुठे लिहिलंय?"

"बरोबरच होतं तुमचं. लिहिलं नव्हतंच न! मी नुसता विचारत होतो." मग जरा वेळाने, "ज्यानं शोधलं त्यानं किती मेहनत केली असंल, बाई. एका दारासाठी."

मला वाटलं होतं ते जिंकल्यासारखे होतील. त्यांना जिंकायचं नव्हतंच. उत्तर मिळालं याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की ते कुणाला मिळालं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जेवताना मात्र ते गप्प-गप्प होते. मला वाटलं, थकले. तसं नव्हतं. ते पुढचा प्रश्न शिजवत होते.

दुपारच्या एस.टी.पर्यंत सोडायला आले तेव्हा तो बाहेर पडला. माझी पिशवी सीटवर ठेवायला म्हणून ते गाडीत चढले आणि शेजारी बसलेच. "बाई, पोटातून मेंदूले जाड नस जाते न? जनावराले हगवन लागली की ते उदास होते. आपन म्हनतो, अशक्तपना. पन मंडळीचं बोलनं चौकीपुरतंच राह्यते, का त्या नसेवरून वरही जाते? म्हंजे मंडळी चांगली तर मन चांगलं, असं काही..."

मी म्हणाले, याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मले माहीत हाये, पन आपन विचार तर करू. मग आम्ही विचार करायला लागलो. त्यांनी एका म्हशीची गोष्ट सांगितली, मी माझ्या वॉर्डातल्या एका मुलाची. गाडी कधी सुटली ते दोघांनाही कळलं नाही. कंडक्टर येऊन उभा राहिला.

"काका, कुठलं देऊ?"

खंडाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पळणाऱ्या संत्र्यांच्या झाडांकडे पाहिलं. "अरे! थांबा न भाऊ, बोलनं होऊन राह्यलं आमचं. जिथवर बोलनं संपंल, तिथवरचं फाडा."

"बोलन्याचं तिकीट नसते काका. गावाचं सांगा."

सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. तीन-चार मैलांवर, एका फाट्यावर, कंडक्टरने गाडी थांबवली आणि त्यांना हात धरून उतरवलं. मी खिडकीतून वाकून विचारलं, आता परत कसे जाणार? त्यांनी हातानेच झटकून टाकलं. उन्हात, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या केसांचा तो उंच माणूस उभा होता आणि गाडी हलली तरी मोठ्याने सांगत होता, "विचार करा बरं बाई! लिहा मले!"

मागे वळून पाहिलं तेव्हा कापसाने भरलेली एक बैलगाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली होती. गाडीवाला त्यांना वर ओढून घेत होता. ते कापसावर चढून बसले, आमच्या गाडीकडे पाठ करून, बैलांकडे तोंड करून, आणि वळण येईपर्यंत मला दिसत होतं, त्यांचे दोन्ही हात हवेत चालले होते. गाडीवाल्याला किंवा बैलांना ते काहीतरी विचारत होते.